कौसल्येचा गरम चमचा

१

गरम चमचा हरवल्याचं कळलं तो मंगळवार होता. वैशाखातला. मी दारव्ह्याच्या स्टेशनावरून बर्फाची लादी हातगाडीवर घालून घरी आलो, तर कौसल्या पडवीत उभी होती आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत होती.

"अवो, चमचा तुमी नेला का?"

"मी कायले नेऊ? स्टेशनवर काय आइस्क्रीम वाटत होतो?"

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की चमचा खरंच गेला.

कौसल्या जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या चमच्याची गोष्ट गावात सगळे आपापल्या परीनं सांगतात, म्हणून जशी झाली तशी लिहून ठेवतो.

आमचं आइस्क्रीमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. बर्फ यवतमाळहून लहान गाडीनं यायचा, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. संचा मी फिरवायचो. वाढायचं काम कौसल्येचं. पण तिचा उजवा हात विहिरीवर पडून मोडला आणि वाकडाच बसला. संच्यात मुरलेलं आइस्क्रीम दगडासारखं होतं, साध्या चमच्यानं ते काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुकान बंद करू म्हटलं तर ऐकायची नाही. हिवाळ्यात गोठलेलं तूप गरम पळीनं कसं सुटतं, हे तिला माहीत होतं. तिनं यवतमाळच्या एका तांबटाला गाठलं आणि त्याच्याकडून एक चमचा करून घेतला. तांब्याची वाटी, तिला दुहेरी बूड. पितळेचा दांडा आतून पोकळ. दांड्याच्या टोकाला फिरकी. फिरकी उघडून किटलीतलं उकळतं पाणी आत भरायचं, फिरकी घट्ट करायची. ते पाणी वाटीच्या बुडापर्यंत जायचं आणि चमचा गरम राहायचा. मग आइस्क्रीममधून तो असा जायचा जसा ओल्या मातीतून हात. गोळा आपोआप सुटायचा. वरून पाहणाऱ्याला तो साधा जाड चमचाच दिसे.

आदल्या दिवशी, सोमवारी, डोमाजीच्या मुलीचं लग्न होतं. डोमाजी स्टेशनवर हमाल. रोज आमचा बर्फ तोच आणून द्यायचा. त्यानं छप्पन साली धर्म बदलला होता आणि मुलीचं लग्न नव्या पद्धतीनं केलं. पांढरे कपडे, वंदना, हार. बँड नाही, फटाके नाहीत, हुंडा नाही. एक हौस मात्र त्यानं केली, वऱ्हाडाला आइस्क्रीम. आम्ही दोघं जाऊन वाढून आलो. तिथंच जेवलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा कौसल्येचा हात इतका दुखत होता की चमच्याची फिरकी निघेना. "राहू द्या पानी आत, सकाळी काढू," म्हणाली आणि चमचा पडवीतल्या खिळ्याला टांगला.

सकाळी डोमाजी कामावर नव्हता म्हणून बर्फ आणायला मी गेलो. कौसल्या विहिरीवर धुणं धुवायला गेली. घरी फक्त रुखमाआत्या होती. माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी विधवा झाली तेव्हापासून आमच्याकडे. मला तिनंच वाढवलं. तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. आइस्क्रीमच्या सामानाकडे ती कधी फिरकली नाही. बर्फ कोणाकोणाच्या हातातून येतो कुणाला ठाऊक, म्हणायची.

आत्या तिच्या दारात शेंगदाणे आणि गूळ खात बसली होती. कौसल्येनं विचारलं, "आत्याबाई, आज इकडे कोनी आलतं?"

आत्यानं गुळाचा खडा फोडला. वर पाहिलं नाही.

"डोमाजी आलता," ती म्हणाली.

२

डोमाजी आला होता हे खरं. लग्नासाठी आमचं घंगाळ नेलं होतं, ते परत द्यायला. पडवीत ठेवून गेला.

एवढं वाक्य गल्लीला पुरलं. संध्याकाळच्या आत शेजारची शकुबाई दारात उभी.

"ऐकलं वं माय, चमचा गेला म्हणे."

"गेला," कौसल्या म्हणाली.

"मंग? घरी जेवाले जाता त्याइच्या, तं हे होनारच. मी तं म्हटलंच होतं, नातवाच्या बारशाले थो चमचा आमच्या घरी आनू नका. आता आनायचा सवालच मिटला."

"तुमी कधी आलत्या का आज आमच्या पडवीत, शकुबाई?"

"मी? ताक न्यायले आलती सकायी. आत्याबाईले इचारा. आता माहा झाडा घेतं का तू?"

"घेऊन राह्यली," कौसल्या म्हणाली. "सगळ्याइचाच घेऊन राह्यली."

शकुबाई तणतणत गेली. मला तिचाच संशय आला. तो चमचा आपल्या घरी येऊ नये असं तिला वाटत होतं, आणि ती पडवीत येऊन गेली होती. मी तसं म्हटलं. कौसल्या म्हणाली, "तिले चमचा नको होता, तं तिनं नको म्हटलं. जे तोंडानं होते त्याच्यासाठी मानूस चोरी कायले करंन?"

बुधवारी सकाळी डोमाजी आला. नेहमी तो सरळ आत यायचा आणि बर्फाची लादी आपटून म्हणायचा, "घ्या, हिमालय आला." त्या दिवशी रस्त्यावरच उभा राहिला. हातात त्याच्या घराची किल्ली होती.

"बाबारावजी, चाला माह्या घरी. झडती घ्या. पेटी उघडतो, कनगी उघडतो."

"डोमाजी, आत ये. काही बोलतं का?"

"मी नाई बोलून राह्यलो. गल्ली बोलून राह्यली. स्टेशनवर आज कोनी माह्याजवळ बिडीले बसलं नाई." मग तो कौसल्येकडे वळला. "वहिनी, शुक्रवारी पोरगी येते. बाभुळगावचे पाव्हणे येतात संग, परतनीले. आपल्या सुनेचा बाप चोर हाय असं त्याइनं ऐकलं, तं पोरगी कोन्या तोंडानं नांदंन? मले सांगा, तिनं काय केलं?"

कौसल्येनं किल्ली त्याच्या हातातून घेतली आणि परत त्याच्याच खिशात टाकली.

"घर पाहाचं असंन तं मी माहं पाहीन. तू बर्फ आन. शुक्रवार दूर हाय."

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "शुक्रवार दूर हाय? परवा हाय."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

३

तिसरा माणूस हिरासिंग. मंगळवारी सकाळी तोही आला होता, हे कौसल्येनं मागच्या गल्लीत विचारलं तेव्हा कळलं. तो तांड्यावरचा. आठवडी बाजारात बर्फाचा गोळा आणि शरबत विकायचा, म्हणजे आमचा प्रतिस्पर्धीच. तो चमचा त्याला फार हवा होता. दर बाजारी येऊन म्हणायचा, "भाभी, माही सायकल घ्या पन चमचा द्या."

आम्ही दोघं बाजारपेठेतल्या लिंबाखाली त्याच्या गाडीजवळ गेलो. तो बाटल्या पुसत होता.

"या भाभी, या! चोर पकडाले आल्या का? मी बसलोच हाओ तयार. हातकडी आनली का?"

"हिरासिंगभाऊ, मजाक नको. तू मंगळवारी आमच्याकडे कायले आलता?"

"बर्फ मागाले. माहा बर्फ आला नाई. मागच्या दारानं हाक मारली, भाभी वो भाभी. कोनी ओ देली नाई. म्हटलं घरचे सगळे लग्नात जेवून जेवून झोपले. वापस गेलो."

"पडवीत आलता?"

"नाई. याडीची आन." हिरासिंगच्या बोलीत याडी म्हणजे आई. आईची शपथ त्यानं कधी खोटी घेतली नव्हती. "अन् भाभी, मी नेला असता तं वापरला नसता का? इथंच असता हातात. चमचा काय पेटीत ठेवून पूजाले असते?"

कौसल्या हसली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

"तुले उघडता येते का रे त्याची फिरकी?"

"तुमीच तं शिकवलं. उलटी फिरवाची. कितीक डाव पाह्यली मी, पानी भरताना. माह्या स्वप्नात येते थे फिरकी."

आम्ही निघालो. तो मागून ओरडला, "अन् डोमाजीले सांगा, फटाके उरले असन तं मले दे म्हना पोट्ट्याइसाठी!"

कौसल्या थांबली. "कोनते फटाके?"

"काल सकायी नाई का उडवला एक? मी तुमच्या मागच्या गल्लीत सायकलवर टांग टाकून राह्यलो, तं ठो! अशी सायकल दचकली. म्हटलं लग्न झालं तरी याइची हौस फिटली नाई."

घराजवळ आल्यावर कौसल्या मला म्हणाली, "डोमाजीच्या लग्नात एक तरी फटाका वाजला का?"

वाजला नव्हता. आम्ही दोघंही तिथंच होतो.

४

गुरुवारी सकाळी ती भांडी घासायला बसली. मी संच्याची फळी ठोकत होतो.

भांडी घासायला ती आत्याच्या चुलीची राख वापरायची. आमचा स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर व्हायचा आणि कोळशाची राख भांड्याला लागत नाही, लाकडाची आणि गोवरीची राख पाहिजे. आत्या चुलीतली राख रोज न्हाणीजवळच्या ढिगावर आणून टाकायची. कौसल्या ती सुपात घेऊन चाळायची, म्हणजे खडा भांड्यावर ओरखडा काढत नाही.

चाळता चाळता ती थांबली. सुपातून काहीतरी उचललं, पाण्यात धुतलं आणि मला हाक मारली.

तिच्या तळहातावर दोन पांढरे चकचकीत थेंब होते. ज्वारीच्या दाण्याएवढे. वितळून परत गोठलेले.

"कथील," मी म्हणालो. "झाळीचं."

"चमच्याच्या झाळीचं," ती म्हणाली. "आपल्या घरात दुसरं काय झाळलेलं हाय?"

ती राखेच्या हातानंच माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. तिचं ते सांगणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण सांगताना ती एकदाही आत्याच्या दाराकडे पाहत नव्हती.

"चोर वस्तू इकते, नाईतं वापरते. चुलीत कायले घालंन? चुलीत भांडं कोन घालते, सांगा."

"कोनी नाई घालत."

"घालते. धातूचं भांडं बाटलं असं ज्याले वाटते थो घालते. इस्तवात घातलं की धातू शुद्ध होते. तुमच्या घरात मी आल्यावर माह्या माहेरचं गडवं पन घातलतं. थे उघड्या तोंडाचं होतं, निघालं चांगलं."

मी हातोडा खाली ठेवला.

"अन् याच्या पोटात पानी होतं. फिरकी घट्ट होती. हे डोमाजीले माहीत हाय, त्यानंच सोमवारी मांडवात किटली धरली. हिरासिंगले माहीत. शकुबाईनं पन दुकानात उभं राहून पाह्यलं. ज्याले माहीत हाय थो त्याले चुलीत घालनार नाई. घरात एकच मानूस असं हाय, ज्यानं कधी जवळ येऊन पाह्यलं नाई."

"थो ठो म्हणजे..."

"वाफ. चूल फुटली असंन. म्हणून तं उपास."

आता मला उपास आठवला. आत्या सोमवार करायची आणि एकादशी करायची. मंगळवारी तिनं शेंगदाणे-गूळ खाल्ला. बुधवारी खजूर. मी विचारलं तर म्हणाली, नवस आहे.

"आत्याबाईले उपासाले भगर लागते," कौसल्या म्हणाली. "दोन दिवस भगर नाई झाली. भगरीले चूल लागते."

मी उठलो. मला वाटलं, आत जाऊन ती चूल पाहावी. कौसल्येनं माझा हात धरला.

"तुमी नका. त्याइच्या चुलीले मी इतक्या वर्सात हात लावला नाई, आज चोरावानी लावनार नाई. मी इचारते."

५

आत्या जपमाळ घेऊन बसली होती. मागे तिची चूल होती. डावी बाजू नवी लिंपलेली. लेप जाड होता आणि मधे अजून ओला होता. वैशाखात साधा लेप दुपारपर्यंत वाळतो, हा तीन दिवसांत वाळला नव्हता.

कौसल्या उंबऱ्याबाहेर बसली. पदरानं हात पुसला आणि ते दोन थेंब उंबऱ्यावर ठेवले.

"आत्याबाई, तुमच्या राखेत सापडले."

आत्यानं पाहिलं. माळेचे मणी थांबले.

"आज गुरुवार. तुमच्या पोटात तिसऱ्या दिवशी अन्न नाई. चूल पेटवा न. मी बाहेरून भगर निवडून देते."

"मले भूक नाई."

"मले हाय," कौसल्या म्हणाली. "सोमवारी डोमाजीच्या घरी जेवली, तवापासून मले घास जाऊन नाई राह्यला. डोमाजीलेबी जात नसंन."

मी अंगणात उभा होतो. वाटलं आत्या आता ओरडेल. ती ओरडणारी होती, लहानपणी मी तिच्या आवाजाला घाबरून कनगीमागे लपायचो. पण ती उठली. कोपऱ्यातली लोखंडी फुंकणी उचलली, चुलीसमोर बसली आणि आपल्या हातानं त्या ओल्या लेपावर मारली. तीनचार घाव घातले. माती पडली. आत हात घालून तिनं एक एक वस्तू बाहेर काढली. तांब्याची वाटी, बुडातून उललेली. दांडा, उभा फाटलेला. फिरकी अजून टोकाला घट्टच होती.

"मले काय माहीत त्याच्या पोटात पानी हाय!" आत्या म्हणाली. आणि तिला रडू फुटलं. "मले भांडन नको होतं, सूनबाई. तुले सांगितलं असतं तं तू भांडली असती. म्हटलं, तू इहिरीवर हायेस तवर इस्तवात घालते, धुते, खियाले लावते. कोनाले कळनार नाई, कोनाचं काही जानार नाई. आमच्या मायनं असंच केलं, तिच्या सासूनं असंच केलं. कोन्या भांड्यात असा देव घुसला नव्हता. ठो झालं तं मले वाटलं मी मेली."

"तुमी मेल्या असत्या," कौसल्या म्हणाली. "थोडक्यात राह्यलं."

"मंग सांगाची लाज वाटली."

"अन् म्हटलं, डोमाजी आलता."

"आलताच तं! मी खोटं बोलली का?"

"नाई बोलल्या. खरंच होतं. पन अर्धंच होतं. आता पुढचं अर्धं सांगा."

"तुले सांगितलं न."

"मले नाई. मले राखेनं सांगितलं." कौसल्येनं ते तुकडे आपल्या पदरात घेतले. "गल्लीत सांगा. उद्या परतनीचे पाव्हणे येतात."

आत्या म्हणाली, "बाबाराव, काय म्हनते हे तुही बायको? या वयात मले रस्त्यावर उभं करते?"

तिनं मला वाढवलं होतं. तिच्या ताटातला पहिला घास माझा असायचा. ती माझ्याकडे पाहत होती आणि कौसल्या मुद्दाम पाहत नव्हती. मी म्हणालो, "आत्या, मी येतो तुह्यासंग. माहा हात धर."

६

उन्हं उतरल्यावर आत्या गल्लीत आली. शकुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिच्या आजूबाजूला नेहमीच्या बाया होत्या. आत्यानं फुटकी वाटी उंच धरली आणि म्हणाली, "शकू, हे मी फोडली. माह्या चुलीत फुटली. डोमाजीनं चोरली नाई. ज्यानं ज्यानं म्हटलं असंन त्यानं त्यानं आपलं तोंड धुवून घ्या, मी माहं धुवून राह्यली."

शकुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "वा वं आत्याबाई," ती शेवटी म्हणाली, "अन् आमी तीन दिवस त्याले शिव्या देल्या, थ्या कोनाच्या नावानं लिवाच्या?"

"माह्या," आत्या म्हणाली.

कुणीतरी स्टेशनवर निरोप दिला. डोमाजी धावतच आला, डोक्याला हमालीचं फडकं तसंच बांधलेलं. आत्या त्याच्याशी आयुष्यात कामापुरतंही कधी सरळ बोलली नव्हती. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. विस्तवात कशासाठी घातला तेही. ते तिला टाळता आलं असतं. टाळलं नाही.

डोमाजीनं ऐकून घेतलं. खाली पाहत होता. कशासाठी, हे ऐकल्यावर त्याच्या गालाची शीर हलली, ती मी पाहिली. मग त्यानं विचारलं, "तुमाले लागलं तं नाई न, आत्याबाई? वाफ वाईट असते. इंजिनाची पाह्यली हाय मी."

"नाई लागलं."

"मंग उद्या या घरी. परतनी हाय. पोरगी येऊन राह्यली. चहा घ्या आमच्याकडे. तुमी आल्या म्हनजे बाभुळगाववाल्याइले काही सांगाचंच काम नाई पडनार."

आत्यानं पदर डोक्यावर नीट ओढला.

"येईन," ती म्हणाली.

शुक्रवारी पाहुणे आले. त्यांच्या कानावर काही वाईट गेलं नाही, किंवा गेलं असेल तर त्याबरोबर आत्याची गोष्टही गेली. मुलगी नीट नांदली, तिला आता दोन मुलं आहेत. आम्ही दोघं परतणीला गेलो. आत्याचं डोकं दुखत होतं. पुढे दिवाळीला तिचा गुडघा धरला. त्याच्या पुढच्या वैशाखात डोमाजी स्वतः बोलवायला आला, तेव्हा ती "येईन रे, पाऊस पडू दे" म्हणाली.

चमचा परत करून घेऊ, असं मी कितीदा म्हटलं. पण तो तांबट यवतमाळ सोडून गेला होता आणि दुसऱ्याला दुहेरी बूड जमेना. कौसल्येनं मग साधा चमचा किटलीत बुडवून बुडवूनच वाढलं, शेवटपर्यंत. हात दुखायचा. रात्री मी तेल चोळून द्यायचो. ती म्हणायची, जोरानं नका चोळू, आइस्क्रीम नाई थे. गेल्या चैत्रात तिला ताप आला आणि आठवड्यात ती गेली. तिला पोचवायला डोमाजी खांद्याला होता. आत्या दारापर्यंत आली होती आणि तिनं त्याला जाताना पाहिलं.

मी आता दुकान उन्हाळ्यापुरतंच उघडतो. डोमाजी अजून बर्फ आणतो. आत्या ऐंशीच्या पुढे गेली, नव्या चुलीवर अजून आपली भगर आपणच शिजवते. तिच्या दारापासून डोमाजीचं घर काही लांब नाही, मारुतीच्या पाराच्या पुढे वळलं की दिसतं. दर सणाला कौसल्या तिच्या उंबऱ्याशी जाऊन म्हणायची, "आत्याबाई, चहा राह्यला बरं." आता ते म्हणणारं कुणी नाही, आणि माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही.

आत्या डोमाजीच्या घरी अजून गेलेली नाही.